उन्हातला लॅपटॉप

आप्पा, काल सावेडीत एका कॉम्प्युटरच्या दुकानात मी भांडून आलो. भांडण्यासारखं खरं तर काही घडलं नव्हतं. तुमच्या नातीचा लॅपटॉप हळू चालतो म्हणून दाखवायला नेला होता. दुकानदार माझ्याच वयाचा, सभ्य माणूस. त्यानं झाकण उघडलं, स्टिकर वाचलं आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेतात तसा चेहरा करून म्हणाला, "सर, प्रोसेसर फार जुना आहे. त्यात मुळातच स्वस्तातला. नवीनच घ्या." मी म्हटलं, "पण चालतो ना?" तो म्हणाला, "चालतो तसा. पण चालतो म्हणजे..." बस्स. त्या अर्धवट वाक्यावर मी असा काही उखडलो की शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं मशीन बंद करून मान बाहेर काढली. पोरीनं मला हाताला धरून रस्त्यावर आणलं. रिक्षा केली. घर जवळ आल्यावर म्हणाली, "बाबा, त्या काकांवर नव्हता चिडलात तुम्ही. कुणावर चिडला होतात?" पोरगी तुमच्यावर गेली आहे, तिच्यापुढं जपून बोलावं लागतं. मी रिक्षावाल्याला वळण सांगितलं. तुमच्यावर चिडलो होतो, हे रिक्षात सांगण्यासारखं नव्हतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तिनं तर तुम्हाला बघितलेलंसुद्धा नाही.

गेलेल्या माणसावर चिडण्यात एक सोय असते, तो उलट बोलत नाही. तुमच्या बाबतीत तेवढीही सोय नाही. मी मनात एक वाक्य बोललो की तुमचं उत्तर तयार. त्यामुळे आज ठरवलं, कागदावर बोलू. कागदावर तुम्ही दुसऱ्याचं बोलणं मध्ये तोडत नसत. कर्जतला कचेरीच्या आवारात, चिंचेखालच्या त्या टेबलाशी लोक उकिडवे बसून आपलं गाऱ्हाणं सांगत आणि तुम्ही डोळे मिटून ऐकत असायचा. माणूस म्हणे, "आप्पा, त्यानं बांध कोरला वो माजा, आन् वर मलाच शिव्या देतोय." तुमची बोटं टाईपरायटरवर पडली की त्याचं होई, "सबब सामनेवाले यांनी हद्दीच्या बांधाची नासधूस केली असून..." तो माणूस आ वासून ऐके. "हे म्या म्हनलो?" "मग कोन म्हनलं, मी?" तुम्ही म्हणायचा. तोंडात एक मराठी आणि बोटांत दुसरी, आणि दोन्हींची कधी गाठ पडू दिली नाहीत. मला मात्र तिसऱ्याच भाषेला घातलंत. शाळेत संस्कृत घेतलं तेव्हा आईला वाटलं, पोराला ताप आला. तुम्ही म्हणालात, "माझ्या आज्याला जे ऐकू दिलं न्हाई, ते ह्यो घोकून यील. मग न्हाई आवडलं तर सोडंल. पर आधी बघू तरी काय झाकून ठिवलं हुतं." मी बघायला गेलो आणि तिथंच राहिलो. आता त्याच्यावरच पोट आहे. त्या भाषेतल्या शास्त्रांनी मला एक खोड लावली. वाद घालायचा तर आधी समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षाही नीट मांडायची, आणि मगच ती मोडायची. म्हणून आधी तुमची बाजू.

नव्वदचं दशक उताराला लागलं होतं. कचेरीतले लोक टाईप केलेल्या अर्जाकडे नाक मुरडायला लागले होते. कॉम्प्युटरवर काढलेला कागद आला की तोच साहेब चष्मा पुसून वाचायचा. तुमच्या शेजारचे टायपिस्ट कुरकुरत होते, तुम्ही मात्र हललात. कुणीतरी सांगितलं, सावेडीत एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये एक गृहस्थ पुण्याच्या कंपन्यांनी काढून टाकलेली मशिनं विकतो. आपण दोघं सकाळच्या एसटीनं नगरला गेलो. मी एम.ए.ला होतो, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाबतीत आपण दोघंही सारखेच शहाणे. तिथं मोठमोठी खोकी होती, मोठमोठे पडदे होते, आणि एका कोपऱ्यात तो राखाडी लॅपटॉप. तुम्ही थेट त्याच्याकडे गेलात. तुमचा हिशोब सरळ होता. तुमच्या उमेदवारीच्या काळातला टाईपरायटर दोघांनी उचलावा लागे, पुढचा एकाला उचलता येई, आणि शेवटचा तर पेटीत घालून बगलेत बसे. जे लहान ते पुढचं. मग ह्या ढिगात सगळ्यात लहान हे, म्हणजे सगळ्यात नवं हेच.

आणि मग तुम्ही त्याची परीक्षा घेतलीत. ती परीक्षा अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. कानाशी धरून हलवलंत, आत काही सैल आहे का ते ऐकायला. प्रत्येक कळ दाबून सोडलीत आणि ती वर यायला किती वेळ घेते ते बघितलंत. कळांवरची अक्षरं नखानं खरवडलीत. वास घेतलात. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणालात, "कळांला हातच लागला न्हाई. कुन्या सायबाच्या टेबलावर नुसतं मांडून ठिवल्यालं हाय. नवंच समज." तुमचं निदान अचूक होतं, टाईपरायटरचं असतं तर. कळा खरोखर कोऱ्या होत्या. जुनं झालं होतं ते कळांच्या खाली, न दिसणारं, न वाजणारं. विकणारा काही लबाड नव्हता, त्यानं आपणहून सांगितलं, "थ्री-एटी-सिक्स आहे हां, बॅटरी गेलेली आहे, वायर लावूनच वापरायचा." तुम्ही मान डोलावलीत. तुमच्या टाईपरायटरच्या पोटावरसुद्धा आकडा होता, त्याचा कुणी विचार करतं का? तेव्हा शहरात पेंटियमचे बोर्ड लागले होते आणि थ्री-एटी-सिक्स म्हणजे दोन पिढ्या मागचं मशीन, हे कुठल्याही क्लासवाल्यानं सांगितलं असतं. तुम्ही रिबन कुठं बसते ते विचारलंत. एक कर्कश प्रिंटरही सोबत घेतलात. त्याच आठवड्यात टाईपरायटर जामखेडच्या एका टायपिस्टला देऊन मोकळे झालात. आई म्हणाली, "आवं, ऱ्हाऊ द्यायचं ना हाताशी." तुम्ही म्हणालात, "दोन कशाला? पान्यात उतरायचं तर काठ सोडावा लागतो."

इथपर्यंत माझा राग नाही. फसणं हा काही गुन्हा नाही, आणि तुम्हाला तर कुणी फसवलंही नव्हतं. घरी तसबिरींपुढं मेणबत्ती लावून वंदना झाली, आईनं खीर केली, लॅपटॉप पाटावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तुम्ही तो चिंचेखाली मांडलात, स्टॅम्पवाल्याच्या टपरीतून वायर ओढलीत, झाकण उघडलंत, आणि पडद्यावर काहीच दिसेना. घरात दिव्याखाली दिसणारी फिकट अक्षरं उजेडात विरघळून गेली. मान वाकडी केली की दिसायची, सरळ केली की जायची. दुसरं म्हणजे ते तुमच्या बोटांना पुरत नव्हतं. मराठी अक्षर उमटवायला त्याला विचार करावा लागे. तुम्ही वाक्य संपवून हात मांडीवर ठेवायचा आणि अक्षरं मागून एकेक करत येत राहायची, जत्रेत मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांसारखी. तुम्ही त्यांची वाट बघत बसायचा. तिसरं म्हणजे रोज सकाळी ते आपली तारीख विसरून उठायचं. आतलं कसलंसं घड्याळ मेलेलं. चालू केलं की त्याच्या लेखी सन एकोणीसशे ऐंशी. एका बाईचा वारसाचा अर्ज तसाच छापून निघाला. तिनं दुसऱ्याकडून वाचून घेतला आणि हसत परत आली. "आप्पा, ऐंशी सालात तर मी परकर नेसत हुते. नवराच न्हवता, त्यो मेला कवा?" सगळं आवार हसलं, तुम्हीही हसलात. त्या दिवसापासून रोज सकाळी यंत्राला आधी वार-तारीख सांगायची आणि मग कामाला बसायचं. पूजेच्या संकल्पात देवाला आजची तिथी सांगतात, तसं. मी तुम्हाला हे म्हटलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "त्येंच्या द्येवालाबी म्हाईत नसती का? मग आपल्या मशिनीला कशाला नावं ठिवतो?"

हसत होता तेव्हा सगळं ठीक होतं. मग तो वकील आला. तुम्हाला आठवतोच. रोज तुमच्याकडून प्रतिज्ञापत्रं करून घेणारा, तुम्हाला 'अरे आप्पा' म्हणणारा, तुमच्यापेक्षा वयानं लहान. त्यानं मान वाकडी करून पडद्यात डोकावून बघितलं आणि विचारलं, "काय रे आप्पा, कुठलं उचललंस हे? थ्री-एटी-सिक्स? अरे, माझ्या मेव्हण्याच्या हापिसात असली गेल्या साली भंगारात काढली." एवढ्यावर थांबला असता तर तो एक साधा आगाऊ माणूस ठरला असता. तो थांबला नाही. भोवतीच्या लोकांकडे बघत म्हणाला, "चालायचंच. आम्ही टाकलेलं तुमच्याकडं नवं म्हणून जातं. पहिल्यापासूनच आहे ते, काय?" दोघं-तिघं हसले. बाकीचे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. मी तिथं होतो. तुम्ही वर बघितलं नाहीत. अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं केलंत, अक्षरं उमटायची वाट बघितलीत, प्रिंटर सुरू केलात आणि त्या आवाजात म्हणालात, "चालतंय की."

आप्पा, त्या क्षणी तुम्ही त्याच्या कानाखाली वाजवली असती तर मला चाललं असतं. रडला असता तरी चाललं असतं. पण तुम्ही काय केलंत, तर ते यंत्र चालतं हे सिद्ध करायला निघालात. आणि ज्याच्यापुढं सिद्ध करायचं तो माणूस तर दुपारी जेवून झोपल्यावर ते वाक्य विसरूनही गेला असेल. तुम्ही विसरला नाहीत. त्या दिवसापासून त्या डब्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही असं झालं. हळू आहे म्हणायचं नाही, दिसत नाही म्हणायचं नाही. माझा एक मित्र कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा, त्याला घरी आणला. त्यानं बघितलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "आप्पा, साधं टायपिंग होईल ह्याच्यावर. पण सावलीत, घरात. बाहेरचं काम नाही ह्याचं." तुम्ही त्याला चहा पाजलात आणि तो गेल्यावर मला म्हणालात, "पुन्यांदा त्याला आनू नको."

त्या हिवाळ्यात आवाराला नवी भिंत घालायची म्हणून चिंच तोडली. शेजारचे टायपिस्ट शहाणे, त्यांनी रस्त्यापलीकडं गाळे घेतले, पंखे लावले, दारावर पाट्या लावल्या. तुम्ही बुंध्याशेजारीच टेबल ठेवून बसलात. छत्री बांधलीत. छत्रीनं डोक्यावर सावली येई, पण पडद्यावरचा उजेड काही हटेना. मग तुम्ही शोध लावलात. एका म्हाताऱ्या वकिलानं दिलेला जुना काळा कोट होता, तो डोक्यावरून आणि पडद्यावरून एकत्र पांघरून घ्यायचा आणि आत बसून टाईप करायचं. पहिल्या दिवशी कुणीतरी ओरडलं, "आप्पा, आमचा फोटू काढताय व्हय?" कोटाच्या आतून तुमचा आवाज आला, "हालू नको मंग." मलाही हसू आलं होतं, आता येत नाही. कर्जतचं ऊन तुम्हाला काय सांगायचं. फेब्रुवारीतच पाखरं दुपारी गप्प होतात तिथं. मार्चमध्ये तुमच्या मानेवर घामोळ्यांचा पट्टा उठला. एप्रिलमध्ये तुम्ही संध्याकाळी घरी आल्यावर आधी भिंत धरायचा आणि मग चपला काढायचा. आई तांब्या पुढं करून म्हणायची, "आवं, माजं ऐका." तुम्ही पाणी घ्यायचा, ऐकायचं तेवढं राहून जायचं.

मी खोली बघितली होती. एसटी स्टँडच्या मागं, आपल्या ओळखीच्या एका बागायतदाराची. बांधाच्या भांडणात त्याचे सगळे अर्ज तुम्हीच केले होते. तो म्हणाला, "आप्पांना म्हनावं खुशाल बसा, भाड्याचं मागाहून बगू." खोलीला उत्तरेकडं एकच खिडकी होती. आत पंखा होता, टेबल होतं. मी लॅपटॉप एका रविवारी तुम्हाला न विचारता तिथं नेऊन चालू करून बघितला होता. अक्षर न् अक्षर दिसत होतं. मग तुमच्याकडे आलो. ते बोलणं माझं तोंडपाठ आहे, इतर पुष्कळ गोष्टी तोंडपाठ केल्या त्यांच्यापेक्षा पक्कं.

"आप्पा, खोलीत चला. तिथं मशीन नीट दिसतं."

"हितंबी दिसतंय."

"कोट पांघरून."

"कोट पांघरून का हुईना. दिसतंय ना?"

"तिथं कोटाशिवाय दिसेल. लोक तिथं येतील. लोकांना तुम्ही पाहिजे आहात, ते झाड नाही. झाड तर गेलंसुद्धा."

"आन् त्यो काय म्हनंल?"

कोण, हे विचारायची गरज नव्हती. "म्हणू दे त्याला काय म्हणायचं ते."

"म्हनंल, भंगार घिऊन आला आन् भंगार घिऊन पळाला."

"म्हणू दे म्हणतो ना मी!"

तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुमचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं. "तू म्हनू दे. तू शिकलाय. तुला म्हनू देता येतं."

मी वाद घालायचं शिकलो होतो आप्पा, ह्याला उत्तर द्यायचं कुणी शिकवलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकही पुस्तक ह्याच्या उपयोगी पडलेलं नाही. पण उत्तर देता आलं नाही म्हणून तुमचं खरं होत नाही. एखादी वस्तू चालते की नाही, हा प्रश्न हवेत विचारताच येत नाही. कुठं चालते, कुणाच्या हाताखाली, कशासाठी, एवढं तरी विचारावं लागतं. तुम्ही विचारत होता, कुणाच्या डोळ्यांपुढं चालते. आणि ते डोळे तर तुमच्याकडे बघतही नव्हते! तो वकील दुपारी कूलरपुढं बसून कलिंगड खायचा. त्याला हरवायला तुम्ही उन्हात बसला होता. ह्यात तो हरत कुठं होता, एवढंच मला सांगा.

मे महिन्यात, बाजाराच्या दिवशी, कोटाखाली हालचाल थांबली. अर्जाची वाट बघत बसलेल्या माणसाला वाटलं, मशीन हळू आहे म्हणून आप्पा थांबलेत. सगळ्यांना तुमच्या थांबण्याची सवय झाली होती ना. बऱ्याच वेळानं त्यानं कोट उचलला. जीपमध्ये घालून तुम्हाला नगरला आणलं. आई तुमचं डोकं मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत होती, मी ओल्या फडक्यानं हातपाय पुसत होतो. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तुम्ही डोळे उघडलेत. डॉक्टर म्हणाले, बोलू द्या त्यांना, ओळखतात का बघू. मी वाकलो. तुम्ही मला ओळखलंत. ओठ चिकटले होते, ते आईनं ओले केले. तुम्ही म्हणालात, "मशीन सावलीत ठिवलं का? उन्हानं खराब हुतं त्ये."

मी "हो" म्हणालो. त्यानंतर तुम्ही बोललाच नाहीत.

म्हणजे ठाऊक होतं तुम्हाला. ऊन काय करतं ते तुम्हाला ठाऊक होतं. ती अक्कल यंत्रासाठी होती, स्वतःसाठी नव्हती. ह्याचा राग कुठं ठेवू मी? तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मांडव भरला होता. जो उठे तो तुमच्या जिद्दीबद्दल बोले. जिद्द, जिद्द, जिद्द. शेवटी तो वकील उठला. पांढरे कपडे, हात जोडलेले. म्हणाला, "आप्पांनी आम्हाला शिकवलं की वस्तू जुनी असो वा नवी, माणसाची जिद्द महत्त्वाची." लोकांनी मान डोलावली. त्याला खरंच काही आठवत नव्हतं, आप्पा. मी त्याच्या तोंडाकडे नीट बघत होतो, लबाडीचा लवलेश नव्हता. ज्या वाक्यासाठी तुम्ही गेलात ते त्यानं केव्हाच हरवून टाकलं होतं. मला तिथं त्या लोकांना ओरडून सांगायचं होतं की हा जिद्दीचा माणूस नव्हता, हा दुखावलेला माणूस होता, आणि सावलीत बसला असता तर आज तुमच्यापेक्षा चांगलं भाषण त्यानं तुम्हाला लिहून दिलं असतं. मी उठलो आणि आभार मानले. आभार मानणं हे शिकलेल्या माणसाचं काम असतं.

लोक मला अजून भेटतात. कर्जतहून नगरला आलेला कुणी म्हातारा हात धरून सांगतो, तुमच्या वडलांसारखा हट्टी माणूस बघितला नाही, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. मी म्हणतो, हो ना. 

आता एक गोष्ट सांगून थांबतो. आईलाही ती कधी कळली नाही. तुम्ही गेल्यावर मी लॅपटॉप त्या खोलीत नेला आणि माझा सगळा प्रबंध त्याच्यावर लिहिला. संस्कृत उतारे, टिपा, सगळं. माझी बोटं तुमच्यासारखी चपळ नाहीत, त्याला मागं टाकण्याचा प्रश्नच आला नाही. रोज खोली उघडताना मला वाटायचं, आज हे बंद पडलेलं असावं. अगदी मनापासून वाटायचं. एकदा तरी ते चालू होऊ नये, म्हणजे मला म्हणता येईल, बघा, ह्याच्यासाठी गेलात, ह्या भंगारासाठी. ते एकदाही बंद पडलं नाही. प्रबंध पुरा झाला, नोकरी लागली, आणि तरीही ते चांगलंच होतं. उत्तरेच्या खिडकीशी, पंख्याखाली, त्याच्यात काहीही वाईट नव्हतं. मशिनीच्या बाबतीत तुमचंच खरं होतं.

हे मी तुम्हाला कळू देणार नाही. पत्ता असता तरी हा कागद टाकला नसता. तुम्ही तेवढंच एक वाक्य वाचाल, बाकीचं सगळं सोडून द्याल, आणि काळा कोट घेऊन निघाल.